लक्झरी क्रॉसओव्हरची मागची काच फुटली आहे. बदलून घेताना नेमकं काय पाहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिकीची काच उभ्या गाडीत रात्रीतून फुटली, आसपास दगड सापडला नाही. आता ती दुरुस्त होते का, कंपनीचीच काच घ्यावी का, आणि ‘दोन तासांत गाडी हातात देतो’ म्हणणाऱ्याचं ऐकावं का?

मी या धंद्यातला नाही. पण माझ्या गाडीची हीच काच मी दोनदा बदलून घेतली आहे, आणि दुसऱ्यांदा बदलावी लागली ती पहिल्यांदा काम वाईट झालं म्हणून. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते पदरमोड करून शिकलेलं आहे.

दुरुस्तीचं आधी सांगतो, कारण ते एका शब्दात संपतं. नाही. पुढच्या काचेला खडा लागून टवका उडाला तर त्यात रेझिन भरून तो बुजवता येतो. ती काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर. मागची काच बहुतेक गाड्यांत टफन्ड असते आणि तिची जात वेगळी. काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवायची आणि दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत मारायचे. वरचा थर झटकन थिजतो. आतला भाग मागाहून थंड होतो, आकसतो आणि वरच्या थराला आत खेचत राहतो. म्हणजे पृष्ठभाग कायम दाबलेला आणि पोट कायम ताणलेलं. या दाबामुळेच ती साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत होते. पण एखादी चीर त्या ताणलेल्या पोटापर्यंत पोचली की सगळा ताण एका क्षणात सुटतो आणि काचेची खडीसाखर होते. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकून तयार होणारे ‘प्रिन्स रूपर्टचे थेंब’ सतराव्या शतकापासून लोकांना चक्रावत आले आहेत: डोक्यावर हातोडा मारा, काही होत नाही, शेपटीचं टोक मोडा, अख्ख्या थेंबाचा भुगा. तुमच्या डिकीत तेच झालंय.

म्हणूनच दगड सापडला नाही याचं फार नवल नको. काचेच्या कडेला कधीतरी लागलेली बारीक खोच महिनोन्‌महिने तशीच राहू शकते आणि मग उन्हातून गारव्यात गेल्यावर किंवा दार जोरात आपटल्यावर काच जाते. क्वचित काच बनताना आत राहिलेला निकेल सल्फाइडचा कण पुढे फुगतो आणि काच आपणहून फुटते. कोणी फोडली याचा शोध विम्यासाठी आणि पोलिसांत कळवण्यासाठी जेवढा लागेल तेवढाच घ्या. झाडायच्या आधी फोटो मात्र काढा, हे मी विसरलो होतो.

आता पहिल्या दिवसाच्या दोन गोष्टी. डिकी बटणाने उघडू नका. काचेचे निम्मे तुकडे तुम्हाला दिसतायत, उरलेले डिकीच्या दाराच्या पोकळीत, आतल्या प्लॅस्टिकच्या ट्रिममागे बसलेत. दार वर गेलं की ते घरंगळत कुलपात, वायरिंगच्या रबरी नळीत, मोटरच्या सांध्यात जातात. शिवाय दार उचलून धरणारे दांडे काचेचं वजन धरून बसवलेले असतात. काच नसताना दार झटक्याने वर जाऊ शकतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. काचेजागी भगदाड ठेवून गाडी लांब चालवू नका. पाठ उभी असलेल्या गाडीच्या मागे, ती पळत असताना, हवेचा दाब कमी होतो आणि धुराड्यातून निघालेला वायू त्या पोकळीत घोटाळत राहतो. तो थेट केबिनमध्ये ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नाइलाजाने गाडी न्यावीच लागली तर भगदाड प्लॅस्टिकने नीट बंद करा, पुढच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा आणि एसीची हवा बाहेरून आत येईल अशी ठेवा. प्लॅस्टिक लावताना खाकी चिकटपट्टी रंगावर लावू नका. उन्हात ती अशी बसते की काढताना डाग राहतात. रंगाऱ्यांची कागदी पट्टी बरी.

काच मागवताना मॉडेल आणि वर्ष सांगून भागत नाही, चॅसी नंबर द्या. माझी पहिली चूक ही. मॉडेल तेच, वर्ष तेच, काच बसलीही अगदी बेमालूम. आणि दुसऱ्या दिवशी रेडिओवर फक्त खरखर. महागड्या गाड्यांत अँटेना पुष्कळदा याच काचेत असतो. डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून तिच्यावरचं धुकं घालवणाऱ्या आडव्या रेघांच्या वर ज्या दोन-चार वेगळ्या, जरा वाकड्यातिकड्या रेघा दिसतात तो अँटेना. काही गाड्यांत डिफॉगरची जाळीच अँटेनाचंही काम करते. माझ्या गाडीच्या एकाच मॉडेलमध्ये त्या काचेचे तीन प्रकार होते, हे मला दुसऱ्या खेपेला कळलं. वायपरसाठी भोक आहे की वायपर स्पॉयलरखाली लपलाय, काच मुळातच गडद आहे की साधी हिरवट, जोडण्या डावीकडे की उजवीकडे, हे सगळं जुळायला हवं. ‘नसलं भोक तर पाडून घेऊ’ असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. टफन्ड काच टफन झाल्यावर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. ते सगळं भट्टीत जाण्याआधी होतं.

कंपनीची की बाहेरची, यावर माझं मत बऱ्याच जणांना आवडत नाही. गाडी बनवणाऱ्या कंपन्या काच स्वतः ओतत नाहीत. सेंट-गोबेन, एजीसी, पिल्किंग्टन, फुयाओ अशा मोजक्या कारखान्यांकडून ती येते आणि तेच कारखाने आपल्या नावानेही काचा विकतात. मागच्या काचेच्या बाबतीत चांगल्या कारखान्याची, तपशील जुळणारी काच आणि गाडीच्या बोधचिन्हाची काच यांत मला फरक जाणवला नाही. कोपऱ्यातला शिक्का वाचा: बनवणाऱ्याचं नाव, वर्तुळातलं इंग्रजी ई आणि शेजारी देशाचा क्रमांक, त्यापुढे मंजुरी क्रमांक. गडद काच असेल तर शिक्क्यात रोमन पाच दिसतो, म्हणजे ७० टक्क्यांपेक्षा कमी प्रकाश आत सोडणारी. हा शिक्काच नसलेली काच फुकट मिळाली तरी नको. पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला मात्र अशा गाड्यांत पुष्कळदा कॅमेरा असतो, तिथे मी असा उदार होणार नाही.

पण खरं सांगू का, काच हा या कामातला सोपा भाग आहे. काम बिघडतं ते चिकटवण्यात.

मागची काच हल्ली रबरात बसवत नाहीत, युरेथेन नावाच्या चिकट पदार्थाने पत्र्याला चिकटवतात. (काही गाड्यांत मागची काच डिकीपेक्षा वेगळी, स्वतःच्या बिजागरीवर उघडते, तुमची तशी असेल तर पुढचे चार परिच्छेद सोडून द्या.) क्रम असा: आतली ट्रिम, वरचा ब्रेक लाइट, स्पॉयलर, वायपर सुटा करायचा. मग चौकटीवर उरलेलं जुनं युरेथेन कापायचं, पण मुळापर्यंत नाही. साधारण एक-दोन मिलिमीटरचा थर तसाच ठेवायचा. नवीन युरेथेन जुन्या, स्वच्छ कापलेल्या युरेथेनला घट्ट धरतं. माझ्या पहिल्या फिटरने पातं घेऊन सगळं खरवडून पत्रा लख्ख केला. मला तेव्हा वाटलं, काय मनापासून काम करतोय! त्या खरवडण्यात रंग निघाला, उघड्या पत्र्यावर प्रायमर (चिकटवण्याआधी लावायचा अस्तराचा थर) लावलाच नाही आणि वरून काच बसवली. तीन महिन्यांनी डिकीतून ओलसर वास यायला लागला. स्टेपनीच्या खड्ड्यात बोटभर पाणी होतं. काच उतरवली तेव्हा चौकटीच्या खालच्या कडेला गंज धरला होता आणि युरेथेन गंजासकट सोलून आलं. म्हणजे युरेथेनने काच सोडली नव्हती, पत्र्याने युरेथेन सोडलं होतं.

तेव्हा फिटरला एकच गोष्ट विचारायची असेल तर ही विचारा: ‘जुनं युरेथेन किती ठेवता आणि ओरखडा पडला तर काय लावता?’ ज्याला काम येतं तो लगेच सांगेल. हाताशी आहे म्हणून कोणी सिलिकॉन काढलं तर हात धरा. सिलिकॉन ही काच धरून ठेवायची गोष्ट नाही, आणि एकदा ते पत्र्याला लागलं की पुढे युरेथेनही तिथे नीट धरत नाही.

काचेच्या कडेने जो काळा पट्टा असतो तो शोभेचा नाही. तो भाजून काढलेला सिरॅमिकचा थर आहे आणि त्याच्या आडोशाने युरेथेन उन्हापासून वाचतं. उघडं राहिलं तर अतिनील किरणांनी ते खराब होतं. हा पट्टा पुसून, त्यावरचा प्रायमर वाळू देऊन, मग हात न लावता काच बसवायची असते. बोटाचा तेलकट ठसासुद्धा चिकटण्याच्या आड येतो. युरेथेनची धार एकसलग, उभ्या त्रिकोणासारखी हवी आणि तिच्यावर साय धरायच्या आत काच जागेवर जायला हवी. दुसऱ्या खेपेला दोन माणसांनी सक्शन कपांनी काच उचलून एका दमात बसवली आणि नंतर सरकवली नाही. बघतानाच फरक कळत होता.

आता तुमचे दोन तास. हाताचं काम तेवढ्यात होऊ शकतं. पण युरेथेन हवेतली ओल शोषून घट्ट होतं, बाहेरून आत, दिवसाला काही मिलिमीटर. थंड आणि कोरड्या हवेत त्याला जास्त वेळ लागतो. गाडी किती वेळाने हलवायची हे त्या युरेथेनच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. काहींना तासभर पुरतो, काहींना बरेच तास. तो वेळ फिटरच्या तोंडून नको, पत्रक दाखवायला सांगा. आणि तुकडे काढायला लागणारा वेळ या दोन तासांत कोणीच धरत नाही. ट्रिम उतरलेली असतानाच डिकीच्या दाराच्या पोकळीत व्हॅक्यूम फिरवून घ्या, नाहीतर प्रत्येक खड्ड्यावर खुळखुळा वाजेल. सीटबेल्टची बक्कल, घडी होणाऱ्या सीटचे रूळ आणि स्टेपनीचा खड्डा मी स्वतः साफ केला. मजुरीवर आलेला माणूस तिथपर्यंत जात नाही, आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही.

पहिले एक-दोन दिवस डिकी उघडू नका, दार लावताना एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. बंद केबिनमध्ये दार आपटलं की आतली हवा ओल्या जोडावर धडकते. प्रेशरने धुणंही तेवढे दिवस बंद.

गाडी ताब्यात घेताना रेडिओ लावा, वायपर एकदा फिरवा, वरचा ब्रेक लाइट आणि मागचा कॅमेरा पाहा. वायपरचा दांडा काचेच्या भोकातून येत असेल तर मध्ये रबरी बुश आहे ना हे बघा. धातू थेट काचेला टेकला तर पुन्हा खडीसाखर. डिफॉगर चालू करून मल्टिमीटरने एकेका रेघेच्या मध्यावर व्होल्टेज बघता येतं: साधारण बॅटरीच्या निम्मं दिसलं तर रेघ शाबूत आहे, पूर्ण किंवा शून्य दिसलं तर कुठेतरी तुटली आहे. काचेवर झाळलेली डिफॉगरची पत्ती उखडली असेल तर ती साध्या झटपट गोंदाने चिकटवून चालत नाही, त्यातून वीज जात नाही. बॅटरी काढली असेल तर विजेवर उघडणाऱ्या डिकीला आपली उंची पुन्हा शिकवावी लागू शकते; ती पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते. आणि बिलात पुढच्या कॅमेऱ्याच्या कॅलिब्रेशनचे, म्हणजे तो पुन्हा नेमका जुळवून घेण्याचे पैसे दिसले तर कशासाठी ते जरूर विचारा. मागच्या काचेसाठी त्या कॅमेऱ्याला कोणी हात लावलेला नसतो.

पाण्याची चाचणी युरेथेन पूर्ण सुकल्यावर घ्या. नळीने साधं पाणी, खालून सुरुवात करून हळूहळू वर, आणि एक माणूस आत टॉर्च घेऊन. स्टेपनीचं झाकण उचलून खाली कोरडा कागद पसरून ठेवा. एखादा थेंब आला तर डोळ्यांना दिसायच्या आधी कागदावर दिसतो.