अक्षतांची पुडी पर्समध्येच राहिली

पत्र :

ताई, मी मूळची साताऱ्याची. शिकायला अमेरिकेत युटाला आले, इथल्याच मुलाच्या प्रेमात पडले, त्याच्या मॉर्मन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, चहासुद्धा सोडला. २००४ साली टेम्पलमध्ये आमचं लग्न झालं. सभासद नसलेल्यांना आत जाता येत नाही, म्हणून आई-बाबा वेटिंग रूममध्ये बसले. आईने साताऱ्याहून आणलेली अक्षतांची पुडी तिच्या पर्समध्येच राहिली.

महिन्यापूर्वी मी पोळ्या करत असताना माझा १८ वर्षांचा मुलगा मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "आई, मी धर्मप्रचाराच्या मिशनचा अर्ज भरणार नाही. मला मुली आवडत नाहीत, मुलगे आवडतात." तव्यावरची पोळी जळली. मी एवढंच म्हणाले, "बाबांना सांगू नकोस." त्याने सांगितलं. नवरा बिशपचा, म्हणजे आमच्या स्थानिक चर्चच्या प्रमुखाचा, सल्लागार आहे. तो ओरडला नाही, पण म्हणतो, मुलाने बिशपशी बोलावं, चर्चच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठात जावं, सगळं मार्गी लागेल. शेजारीण म्हणते, आमच्या आयांच्या गटात ये, जूनमध्ये समलिंगी लोकांच्या प्राइड मोर्चाला चाल, चर्च आतूनच बदलेल. आम्हाला शिकवतात की टेम्पलमध्ये बांधलेलं कुटुंब मृत्यूनंतरही एकत्र असतं. मग माझा मुलगा तिथे नसेल का? चर्च सोडू, की आत राहून भांडू? आणि साताऱ्याला आईला काय सांगू? नाव छापू नका.

उत्तर :

आधी त्या जळलेल्या पोळीचं बघू. "बाबांना सांगू नकोस" हे तुमच्या तोंडून भीतीने गेलं, हे मला कळलं. मुलाला ते कसं ऐकू गेलं असेल, याचा विचार करा. आज रात्री त्याला सांगा, "त्या दिवशी मी घाबरले होते. तू सांगितलंस ते बरं केलंस." बस्स, भाषण नको. महिना उलटून गेला असला तरी चालेल.

याची घाई का, तर सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातल्या केटलिन रायन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं होतं, की घरच्यांनी जोरात झिडकारलेल्या समलिंगी तरुणांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, घरात फारसा विरोध न झालेल्यांच्या आठपटींहून जास्त होतं. त्यांच्याच गटाने २०१२ मध्ये खास मॉर्मन कुटुंबांसाठी एक पुस्तिका काढली. श्रद्धा न सोडताही मुलाशी कसं वागता येतं, हे त्यात आहे. ती नवऱ्याच्या हातात द्या. आणि मुलगा कधी जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलला, तर बिशप नाही, डॉक्टर गाठा, किंवा ९८८ हा आत्महत्या रोखण्यासाठीच्या मदतीचा नंबर लावा.

नवरा ओरडला नाही, हे तुम्ही ओझरतं लिहिलंत. माझ्या मते पत्रातली ती सगळ्यात आशेची ओळ आहे. त्याला कोपऱ्यात गाठू नका. चर्चच्या सर्वोच्च नेत्यांपैकी एक असलेले प्रेषित डी. टॉड ख्रिस्टोफरसन यांचे सख्खे भाऊ टॉम जवळपास वीस वर्षं एका पुरुषाबरोबर संसार करत होते, आणि आई-वडील, भाऊ दोघांनाही घरच्या कार्यक्रमांना बोलावत. नवऱ्याला ही गोष्ट सांगा. टॉम पुढे जोडीदारापासून वेगळे झाले आणि चर्चमध्ये परतले, हेही खरं. पण तो भाग मुलाच्या डोक्यात हाणायला वापरायचा नाही, हे नवऱ्याकडून आधीच कबूल करून घ्या.

बिशपकडे जायचं की नाही, हे अठरा वर्षांच्या मुलाने ठरवायचं. जायचंच असेल तर स्वतःहून जावं, वडिलांनी पाठवलं म्हणून नको.

विद्यापीठाबद्दल मात्र मी स्पष्ट बोलेन. पाठवू नका. सभासदांच्या मुलांना तिथे फी खूप कमी पडते, मान्य. पण १९७० च्या दशकात याच आवारात समलिंगी मुलांना 'बरं' करायला विजेचे झटके दिले गेले होते. ते जुनं झालं म्हणाल, तर अलीकडचं ऐका. फेब्रुवारी २०२० मध्ये आचारसंहितेतलं समलैंगिकतेचं कलम काढलं. पोरं आनंदाने एकमेकांच्या गळ्यात पडली, काहींनी लगेच आपलं खरं सांगून टाकलं. दोन आठवड्यांत पत्र आलं, की कलम गेलं तरी समलिंगी प्रेमसंबंध चालणार नाहीत. ज्यांनी तोंड उघडलं त्यांची काय गत झाली असेल! चार वर्षं कुणाचा हात धरायची चोरी असलेल्या जागी मुलाला ठेवण्यापेक्षा सॉल्ट लेकचं सरकारी विद्यापीठ बघा.

आता भांडणाचं. (तुम्ही 'मॉर्मन' लिहिलंत, पण २०१८ पासून तुमच्या चर्चला तो शब्द नको झालाय. मी सोयीसाठी वापरते.)

चर्च बदलत नाही, हे काही खरं नाही. बहुपत्नीत्व १८९० मध्ये सोडलं. कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य १९७८ मध्ये मिळालं. कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह बंद करण्यासाठी २००८ मध्ये ज्या चर्चने सभासदांना पैसा आणि वेळ द्यायला सांगितलं, त्याच चर्चने २०१५ मध्ये युटात नोकरी आणि घर देताना भेदभाव करू नये या कायद्याला, आणि २०२२ मध्ये समलिंगी विवाहांना मान्यता देणाऱ्या केंद्राच्या विवाह-सन्मान कायद्याला पाठिंबा दिला. जून २०१२ मध्ये सॉल्ट लेकच्या प्राइडमध्ये तीनेकशे मॉर्मन रविवारचे चर्चचे कपडे घालून चालले होते, टाय, फ्रॉक, बाबागाडीतली पोरं. तुमची शेजारीण त्याच वाटेवरची. आयांचा असा एक गट तर स्वतःला 'मामा ड्रॅगन्स' म्हणवतो. मला नाव आवडलं.

पण २०१५ च्याच नोव्हेंबरमध्ये नियम आला, की समलिंगी लग्न करणारे धर्मद्रोही, आणि त्यांच्या घरात राहणाऱ्या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत बाप्तिस्मा नाही. दहा दिवसांच्या आत शेकडो लोक सॉल्ट लेकच्या एका बागेत राजीनाम्यासाठी रांगेत उभे राहिले. एप्रिल २०१९ मध्ये नियम मागे घेतला. साडेतीन वर्षं. त्या काळात आठ वर्षांचं, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वयाचं, झालेलं जे पोर बाप्तिस्म्यावाचून राहिलं, त्याला आजचा बदल काय कामाचा?

शिवाय मुळाला हात लागलेला नाही. कुटुंबाविषयीची १९९५ ची घोषणा जागच्या जागी आहे, लग्न स्त्री-पुरुषाचंच. आकर्षण पाप नाही, त्यानुसार वागणं पाप, असं चर्च म्हणतं. ऐकायला मऊ वाटतं. इतर मुलांना मात्र 'लग्नापर्यंत थांब' म्हणतात, आणि तुमच्या मुलाला 'मरेपर्यंत थांब'.

तेव्हा बदलासाठी झगडायचं असेल तर जरूर झगडा, पण "थांब रे, चर्च बदलेल" असं मुलाला सांगू नका. त्याच्या तारुण्याचा हिशेब त्या भरवशावर मांडायचा नाही. आणि प्राइडला जाण्याआधी त्याला विचारा. 'आई म्हणून मी काय सोसलं' हे तुम्ही चारचौघांत सांगायला लागलात, तर गुपित त्याचं आणि टाळ्या तुमच्या, असं होतं. त्याला नको असेल तर यंदा फक्त आयांच्या गटात जाऊन बसा, रडा, जेवा. चर्च सोडायचं की नाही हे या वर्षी ठरवलंच पाहिजे असं कुणी सांगितलंय? नवरा, मैत्रिणी, रविवार, सगळं त्यात गुंतलंय. ते तुमचं आहे, मुलाच्या खात्यावर टाकू नका.

मृत्यूनंतरचं मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचा आव आणणार नाही. एक मात्र सांगते. तुमच्या शिकवणीत स्वर्गात बापाबरोबर आईही आहे. २०१७ मध्ये युटातल्या एका बारा वर्षांच्या मुलीने भर सभेत साक्ष देताना सांगितलं, की मी समलिंगी आहे आणि माझ्या स्वर्गातल्या आई-बापांनी मला घडवताना चूक केलेली नाही. तिचा माइक बंद केला गेला. ती बाहेरचं काही बोलत नव्हती हो, तुमचाच धर्म बोलत होती. पुढचा विचार तुम्ही करा.

राहता राहिली आई. आपल्याकडचं काही फार सोवळं नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सुटका २०१८ मध्ये झाली, लग्नाच्या हक्काला सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नकार दिला, आणि "लग्न लावून द्या, येईल ताळ्यावर" हे अजून घरोघरी ऐकू येतं. तुमच्या आईने हे म्हटलं, तर सांगा की असले सल्ले तुमच्या चर्चमध्येही दिले जायचे, आणि लग्न हा यावरचा इलाज समजू नका असं चर्चचे वरिष्ठ नेते गॉर्डन हिंकले यांना १९८७ मध्येच सांगावं लागलं होतं.

पण ती म्हणेलच असं तुम्ही कशावरून धरलंत? अमेरिकेत तेव्हा आधी बाहेर लग्न केलं तर टेम्पलमधल्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागायचं. ती अट मे २०१९ मध्ये गेली. आज तुमचं लग्न असतं, तर सकाळी एखाद्या बागेत आईने अक्षता टाकल्या असत्या आणि दुपारी तुम्ही टेम्पलमध्ये गेला असतात. तिच्यासाठी तो बदल पंधरा वर्षं उशिरा आला. पोटच्या पोरीच्या लग्नात ती दाराबाहेर बसली, आणि तरी तुम्ही तिला अजून फोन करता, ती उचलते.

मुलाची परवानगी घ्या, तिकडची सकाळ बघून तिला फोन लावा. आडवळणाने सुरुवात करायची असेल तर त्या पुडीचं काय झालं ते विचारा. ती तिने अजून ठेवली असेल, असं मला उगाचच वाटतंय.