झोपेतले झटके: भीती, स्वप्न की आकडी?

प्रश्न: माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. गेले आठ महिने तो रात्रीतून तीन-चार वेळा दचकून उठतो, पलंगाचा कठडा घट्ट धरतो, सायकल चालवल्यासारखे पाय मारतो आणि मिनिटभरात भानावर येऊन पाणी मागतो. तो ढोलपथकात आहे. गणपतीआधी सराव उशिरापर्यंत चालतो तेव्हा त्रास वाढतो. ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल आला. सासूबाईंनी दृष्टही काढली. हे औषधाने बरे होईल का?
– एक आई, पंचवटी, नाशिक

उत्तर: आपल्या वर्णनावरून हा झोपेत येणाऱ्या आकडीचा एक दुर्मीळ प्रकार असावा, अशी दाट शंका येते; मात्र निदान मेंदूविकारतज्ज्ञांनी प्रत्यक्ष तपासूनच करायला हवे. १९८१ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील लुगारेसी आणि चिरिन्योत्ता यांनी असे रुग्ण प्रथम नोंदवले, तेव्हा हा हालचालींचा विकार असावा असे वाटले होते. आकडीवरच्या कार्बामाझेपिन या औषधाने त्यांना आराम पडत होता, आणि पुढे बहुतेकांत मूळ दोष मेंदूच्या पुढच्या भागातल्या आकडीचाच असल्याचे स्पष्ट झाले.

ईईजी नॉर्मल आला म्हणून आकडी नाही, असे समजू नये. झटक्याचा उगम मेंदूच्या खोल घड्यांत असेल, तर डोक्यावर लावलेल्या तारांना तो टिपता येत नाही. त्यापेक्षा आपल्या मोबाइलवरचे चित्रीकरण अधिक बोलके ठरू शकते. मुलगा पूर्ण दिसेल असा फोन पायथ्याशी ठेवून, मंद दिवा लावून, दोन-तीन रात्रींचे झटके टिपा. प्रत्येक वेळी तोच हात, तीच धडपड, तेवढाच वेळ, हा साचेबंदपणा आकडीकडे बोट दाखवतो. झोपेत घाबरून उठणारे मूल सहसा रात्रीच्या पहिल्या प्रहरात, एकदाच उठते आणि बराच वेळ भानावर येत नाही. गरज वाटल्यास डॉक्टर रात्रभराचा व्हिडिओ-ईईजी आणि एमआरआय सांगतील.

उपचारांत रात्री अल्प मात्रेत दिलेले कार्बामाझेपिन बऱ्याच रुग्णांना चांगले लागू पडते, काहींचे झटके पूर्ण थांबतात. ते सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण ही प्रतिक्रिया क्वचित गंभीर होते. एरवी मात्र बरे वाटते म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तसे केल्यास झटके उसळून येतात. दोन-तीन औषधांनीही आटोक्यात न आलेल्या आणि उगमस्थान नेमके सापडलेल्या रुग्णांसाठी शस्त्रक्रियेचा विचार होतो.

अपुरी झोप झटक्यांना आमंत्रणच देते. ढोल सोडायला लावू नका, पण पथकप्रमुखांना सांगून त्याला सरावातून लवकर घरी आणा. झटका सुरू असताना हातपाय दाबून धरू नका, तोंडात चमचा किंवा कांदा घालू नका. पलंग भिंतीपासून दूर, जमिनीलगत ठेवा. दृष्ट काढण्याने अपाय होत नाही, पण आठ महिने गेले आहेत, तेव्हा आता तपासणीला उशीर करू नये. जाताना ते चित्रीकरण आणि झटक्यांच्या तारखा-वेळांची वही सोबत न्या.