रोजची प्रार्थना पाठ म्हटल्यासारखी होते, देवही जाणवत नाही आणि स्वतःचं मनही कळत नाही. काय करावं?

रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते, रात्रीची प्रार्थना होते, पण मन तिथे नसतं, असं तुम्ही लिहिलंय. माझंही बरीच वर्षं तसंच चाललं होतं. उपयोग झाला तो 'एक्झामेन'चा, म्हणजे येशूसंघाचा (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियसने सांगितलेल्या आत्मपरीक्षणाचा.

त्यामागची गोष्ट आधी सांगतो, नाहीतर तो नुसता हिशेब वाटेल. 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने इग्नेशियसचा पाय मोडला आणि तो लोयोलाच्या घरी महिनोन्‌महिने पडून राहिला. वाचायला शूरवीरांच्या कथा मागवल्या, तर घरात सापडलं ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या पडल्या तो कधी एका थोर घराण्यातल्या स्त्रीसाठी गाजवायचे पराक्रम मनात रंगवायचा, तर कधी संतांसारखं जगणं. रंगवताना दोन्हींत मजा यायची. पण पहिल्यानंतर मन कोरडं पडायचं आणि दुसऱ्यानंतर आनंद मागे रेंगाळायचा. हा फरक त्याच्या लक्षात आला. मागे काय चव उरते ते बघायचं, माझ्या मते सगळी मेख यातच आहे.

त्याने पाच पायऱ्या सांगितल्या: आभार, स्वतःकडे नीट बघता यावं म्हणून कृपा मागणं, दिवसावर नजर फिरवणं, क्षमा आणि उद्याचा निश्चय. आम्हाला लहानपणी पापनिवेदनाआधी दहा आज्ञा बोटांवर मोजत पापांची यादी करायला शिकवलं, त्यामुळे मी कायम थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारायचो. तसं केलं की आपणच आरोपी आणि आपणच न्यायाधीश. देव बिचारा बाहेर बाकावर. म्हणून आभार गाळू नका, आणि तेही मोघम नकोत. 'आरोग्याबद्दल आभार' नाही, तर 'सकाळी विरार लोकलमध्ये एकाने सरकून चौथी सीट दिली, त्याबद्दल.'

मग अख्खा दिवस उकरत बसायचं नाही. जिथे मन हललं, राग आला, हलकं वाटलं, पोटात कालवलं, असा एकच प्रसंग धरायचा. गेल्या महिन्यातला माझा सांगतो. आई फोनवर भाडेकरूची तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगत होती. मी म्हटलं, "अगं, सांगितलंस ना मघाशी," आणि फोन ठेवला. रात्री यादीत लिहायला सोपं होतं: आईवर चिडलो. पण जरा थांबलो तेव्हा कळलं, तो राग नव्हताच. आई विसरायला लागलीय याची भीती होती. "माफ कर"च्या आधी देवाला "मला भीती वाटतेय" एवढंच म्हणालो. इतकं खरं मी त्याच्याशी कित्येक दिवसांत बोललो नव्हतो. दुसऱ्या दिवसाचा निश्चयही मग 'चिडणार नाही' असा पोकळ राहिला नाही. जेवण झाल्यावर, घाई नसताना फोन करायचा, असा ठरला.

दहा-पंधरा मिनिटं पुरतात. मी परतीच्या गाडीत करतो, भाईंदरची खाडी लागली की सुरू, वसई रोडपर्यंत होतं. जुनं दुःख किंवा घरातलं काही फार मोठं वर यायला लागलं, तर एकट्याने रेटू नका, विश्वासातल्या फादरशी किंवा सिस्टरशी बोला.

आणि पलंगावर आडवं होऊन करू नका. मी तीन महिने करून बघितलं, दुसऱ्या पायरीच्या पुढे एकदाही जागा राहिलो नाही.