ओसरीवरचा उजेड आणि कृष्णधवल चेहरा

प्रश्न : आजोबा-आजींची कृष्णधवल व्यक्तिचित्रे काढावीत म्हणून मी दोघांना भर दुपारी अंगणात बसवले. आजोबांच्या डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी दिसतात, फेटा पांढराफटक झाला आहे आणि रंगीत छायाचित्र संगणकावर कृष्णधवल केल्यावर आजीचे कुंकूच नाहीसे झाले. कॅमेरा बदलावा काय?
– एक वाचक, जि. बीड

उत्तर : कॅमेरा राहू द्यावा, वेळ आणि बैठक बदलावी. दुपारी सूर्य डोक्यावर आला की भुवयांची सावली थेट डोळ्यांत उतरते, आणि उन्हातला फेटा व ती सावली यांच्या उजेडात इतकी तफावत पडते की एक सांभाळायला जावे तर दुसरे हातचे जाते.

घर जुने माळवदाचे असेल तर ओसरीसारखा स्टुडिओ शोधून सापडणार नाही. आजोबांना उन्हाच्या रेषेपासून दोन-तीन हात आत, अंगणाकडे तिरपे तोंड करून बसवावे. अंगणातल्या मातीवरून परतणारा मऊ उजेड डोळ्यांच्या खोबणीपर्यंत पोचतो, आणि पाठीमागे माजघराचे दार उघडे ठेवले की पार्श्वभूमी आपोआप काळी होते. मग त्यांना मान हळूहळू वळवायला सांगावी व पलीकडच्या गालावर, डोळ्याखाली, प्रकाशाचा लहानसा त्रिकोण उमटला की थांबवावे. ही प्रकाशयोजना चित्रकार रेम्ब्रांट यांच्या नावाने ओळखली जाते. ओसरीचे छत बुटके असल्यास उजेड आडवा येऊन त्रिकोण पुसट पडतो, पण दोन्ही डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका असेल तर तेवढ्यावर समाधान मानावे.

चौकटीत काळे दार जास्त आले की कॅमेऱ्याला सगळा देखावाच अंधारा वाटतो, तो उजेड वाढवतो आणि फेटा पुन्हा पांढराफटक होतो. म्हणून स्पॉट मीटरिंगने, म्हणजे चौकटीतल्या लहानशा भागाचाच उजेड मोजण्याच्या कॅमेऱ्यातल्या सोयीने, चेहऱ्यापुरतेच मापन करावे, आणि तरीही फेट्याचे पीळ दिसेनासे होत असतील तर एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा एकूण उजेड, अर्ध्या ते एका स्टॉपने उतरवावे (एक स्टॉप उतरवणे म्हणजे उजेड निम्मा करणे). सावळी कांती उजळ दाखवण्याचा सोस आपल्याकडे फार आहे. कृष्णधवल छायाचित्रात तो सुरकुत्यांच्या मुळावर येतो.

कुंकवाचे कोडे निराळे आहे. गडद लाल कुंकू आणि गव्हाळ-सावळी त्वचा रंगाने वेगळी असली तरी दोन्हींची करडी छटा जवळपास सारखीच पडते, त्यामुळे रंग काढताच कुंकू कपाळात मिसळून जाते. कृष्णधवल टिपताना भिंगावर लाल फिल्टर, म्हणजे लाल काच, लावल्यास दोन्ही उजळतात व कुंकू आणखी हरवते; हिरव्या फिल्टरने ते जवळजवळ काळे उमटते, मात्र त्वचेवरचे डागही ठळक होतात. संगणकावर काम करताना लाल रंगाची पट्टी खाली आणून नारिंगी किंचित वाढवावी, कारण त्वचेचा बराचसा रंग नारिंगीत मोडतो. त्यासाठी मूळ छायाचित्र रंगीत, शक्यतो रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने टिपलेली माहिती प्रक्रियेविना जशीच्या तशी राखणारी फाइल), जपून ठेवावे.

रचनेबाबत एकच आग्रह धरतो : शेतात राबलेले हात चौकटीबाहेर ठेवू नयेत. १९४१ साली चर्चिल यांचे गाजलेले व्यक्तिचित्र टिपणारे कॅनडाचे युसूफ कार्श तर हातांवर स्वतंत्र प्रकाश टाकीत. हात घ्यायचे तर पुरते घ्यावेत, मनगटाशी कापू नयेत. काठीच्या मुठीवर ते सहज विसावतात. फोकस मात्र कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावरच असावा. फोन वापरत असाल तर अगदी जवळ जाऊ नये, नाक मोठे दिसते. सहा-सात फुटांवरून दुप्पट झूमने छायाचित्र घ्यावे.