म्हातारे उंदीर, कंपवात आणि पीएचडीचा हिशोब

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आहे. मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र. घरी आजोबांना कंपवात, म्हणजेच पार्किन्सन. तिला पार्किन्सनच्या उंदरांवर पीएचडी करायची आहे. वडील विचारतात, "उंदीर म्हातारे होईस्तोवर थांबा लागते म्हणते. एवढी वर्षं खर्च कोण करन, अन् नोकरी लागन का?"

नमस्कार. मुलगी खरं सांगते आहे. का थांबावं लागतं ते तुम्हीही समजून घ्या, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावरच आहे.

कंपवातात मेंदूच्या तळाशी असलेल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या डोपामिन हे हालचाल सांभाळणारं रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. १९९७ साली अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष काही कुटुंबांत सापडला, नंतर पार्किन, पिंक-१, डीजे-१ ही जनुकंही कळली. तसेच बदल उंदरांत केले, पण उंदीर माणसासारखा आजारी पडेना. पार्किन, पिंक-१ आणि डीजे-१ तिन्ही काढून टाकलेले उंदीर २४ महिन्यांचे झाले तरी त्यांच्या या पेशी घटल्या नाहीत. अल्फा-सिन्युक्लिन जादा बनवणाऱ्या एका जातीत डोपामिन कमी होतं, तेही साधारण १४व्या महिन्यात. म्हणजे जनुकातला दोष एकटा पुरत नाही, त्याला वयाची जोड लागते. म्हणून १८ ते २४ महिन्यांचे, म्हणजे म्हातारे, उंदीर लागतात.

खरी अडचण इथून पुढे. म्हातारपणी काही उंदीर मधेच मरतात, म्हणून गट सुरुवातीलाच मोठा धरावा लागतो. तुलनेसाठी त्याच विणीतले दोष नसलेले भाऊबंद हवेत. फिरत्या दांड्यावरच्या चाचणीत दांडा पाच मिनिटांत मिनिटाला ४ वरून ४० फेऱ्यांपर्यंत वेग घेतो. वयाने जड झालेला उंदीर नुसत्या वजनानेही लवकर पडतो, म्हणून आधी वजन नोंदवायचं. नाहीतर लठ्ठपणाच आजार म्हणून लिहिला जाईल. प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या ब्लॅक-सिक्स जातीच्या उंदरांना वयाबरोबर ऐकूही कमी येतं, तेव्हा आवाजाला दचकण्याची चाचणी त्यांच्यावर फसते. त्यांच्याच एका उपजातीत अल्फा-सिन्युक्लिनचं जनुक मुळातच नाही. ती नकळत आणली तर दोन वर्षं वाया.

शेवटी मेंदूचे ३०-४० मायक्रॉनचे काप करून टीएच या डोपामिन बनवायला लागणाऱ्या एन्झाइमचा रंग चढवतात. तपकिरी पेशी दिसतात. दर सहावा काप घेऊन त्या ठरावीक पद्धतीने मोजायच्या, आणि कोणता काप कोणत्या उंदराचा हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही. तपकिरी पेशी कमी भरल्या म्हणजे पेशी मेल्याच असं नाही. एन्झाइम घटलं तरी तसंच दिसतं. म्हणून सगळ्याच चेतापेशी दाखवणाऱ्या निस्ल रंगाने पेशी वेगळ्या मोजाव्याच लागतात. या कामाला चिकाटी आणि नोंदवहीतला काटेकोरपणा लागतो. तो तिच्यात असेल तर माझं मत ठाम आहे: तिला अडवू नका.

पैशाचं सांगतो. नेट परीक्षेतून जेआरएफ ही सरकारी संशोधन फेलोशिप मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं. घरून पैसे लागतात ते एमएस्सीपर्यंत. एमएस्सीच्या प्रवेशासाठी तिसऱ्या वर्षी जॅम या प्रवेश परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजी पेपर आणि गॅट-बी ही दुसरी प्रवेश परीक्षा द्यायला लावा. जॅमच्या पेपरात बारावीचं गणित आणि भौतिकशास्त्र येतं आणि आपल्याकडची मुलं तिथेच मागे पडतात. ती तयारी आत्ताच सुरू करा. सोबत इमेजजे हे सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवर मोजमाप करणारं फुकट सॉफ्टवेअर आणि संख्याशास्त्र शिकू द्या. साधा लॅपटॉप पुरतो. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपवर दिवाळीपासून लक्ष ठेवा. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत राहिली की हे काम झेपतं का ते तिलाच कळेल.

नोकरीची हमी नाही. पण पेशी रंगवणं, सूक्ष्मदर्शक आणि प्राणी हाताळणं येत असलेल्यांना औषध-संशोधन कंपन्या आणि सरकारी संस्था घेतात. प्राध्यापकीही आहे.

पीएचडीला प्रवेश घेण्याआधी तिने गाइडला तीन गोष्टी विचाराव्यात. म्हाताऱ्या उंदरांचा गट आज तयार आहे का? प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी मिळाली आहे का? वाट पाहायच्या काळात हाती दुसरं काम काय? पहिलं उत्तर 'नाही' आणि तिसऱ्याला उत्तरच नाही, असं असेल तर दुसरा गाइड शोधा. दोन वर्षं गट वाढवण्यात गेली की फेलोशिपच्या पाच वर्षांत मोजणीला आणि प्रबंधाला वेळ उरत नाही.