मुलगी स्वतःची साइट चालवते, थांबवू का?

प्रश्न : माझी मुलगी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, घेतलं असून 'ह्यूगो' नावाचं साइट बनवायचं सॉफ्टवेअर वापरून ती ब्लॉग चालवते. फुकटच्या तयार प्लॅटफॉर्मवर लिही म्हटलं तर ऐकत नाही. वाचक जेमतेम. इंटर्नशिपच्या तयारीचा वेळ यात जातोय असं वाटतं. तिला थांबवू का? – एक आई

उत्तर : ताई, थांबवू नका. पण एकदा तिच्या शेजारी बसून ती तिथे नेमकं काय करते ते बघा.

आधी तिच्या हट्टाबद्दल. तयार प्लॅटफॉर्मवर लिहिणं सोपं खरं, पण तो कधी बंद होईल हे लिहिणाऱ्याच्या हातात नसतं. जिओसिटीज या मोफत वेबपानांच्या सेवेवर लाखो लोकांची पानं होती. २००९ मध्ये याहूने जपान वगळता ती सेवा गुंडाळली. पोस्टरस ही ब्लॉगसेवा ट्विटरने २०१२ मध्ये विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी बंद केली. तुमच्या मुलीचे लेख मात्र मार्कडाउन या सोप्या खुणांच्या पद्धतीने लिहिलेल्या साध्या मजकूर-फायलींत, तिच्याच संगणकावर आहेत. ह्यूगो त्यांची ब्राउझरमध्ये थेट उघडणारी तयार एचटीएमएल पानं बनवतं आणि सर्व्हरवर तेवढीच चढतात. डेटाबेस नाही, त्यामुळे बिघडायला आणि हॅक व्हायला जागा कमी. उद्या ह्यूगो बंद पडलं तरी फायली कुठल्याही एडिटरमध्ये उघडतील. वर्डप्रेस हे ब्लॉगचं सॉफ्टवेअरही स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं, पण त्याचं आणि प्लगइन्सचं, म्हणजे त्यातल्या जोड-सुविधांचं, अपडेट सतत सांभाळावं लागतं. एकट्याने लिहिणाऱ्यासाठी तिची निवड मला जास्त पटते.

आता करिअर. डीएनएसची, म्हणजे डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जातं त्याची, नोंद कशी बदलायची, साइट सुरक्षित ठेवणारं लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत प्रमाणपत्र मुदतीआधी आपोआप नवं कसं होईल, फायलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये चुकीचा बदल मागे कसा घ्यायचा, हे ती स्वतःची साइट बंद पडू नये म्हणून शिकते आहे. सर्व्हर सांभाळण्याच्या कामात रोज हेच लागतं. पण मला याहून मोलाचं वाटतं ते तिचं लिहिणं. सॉफ्टवेअरच्या नोकरीत कोडइतकंच बग रिपोर्ट, डिझाइनचं टिपण, नव्या सहकाऱ्यासाठी सूचना असं बरंच लिहावं लागतं, आणि ज्याचं लिहिलेलं पहिल्या वाचनात कळतं त्याच्यावर लवकर जबाबदारी येते. कुठे अडकले, काय काय करून पाहिलं, शेवटी कशाने सुटलं, असा एकेका अडचणीवरचा लेख म्हणजे या सगळ्याचा उत्तम सराव. वाचक कमी आहेत याची चिंता सोडा. मुलाखत घेणाऱ्याने दोन लेख नीट वाचले तरी तिची विचार करण्याची पद्धत त्याला दिसते. गुणपत्रिकेत ती दिसत नाही.

तुमची वेळेची काळजी मात्र खरी ठरू शकते. स्वतःच्या साइटवर थीम (साइटचं रूप), फॉन्ट, रंग बदलत बसण्याचा मोह फार मोठा असतो आणि त्यात महिने जातात. गिटमधली गेल्या तीन महिन्यांची नोंद तिला दाखवायला सांगा. लेख थोडे आणि थीमचे बदल ढीगभर असतील, तर पुढचे सहा लेख होईपर्यंत थीमला हात लावायचा नाही, असं तिच्याशी बोलून ठरवा. डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदमचा सराव ब्लॉगने भरून निघत नाही; त्याचा वेळ आधी राखून ठेवा. त्या सरावात अवघड गेलेला प्रश्न लेखाचा विषय झाला, तर दोन्ही कामं साधतील. बायोडाटात साइटचा पत्ता आणि सर्वांत चांगल्या दोन लेखांचे दुवे द्यायला सांगा. कॉलेजच्या असाइनमेंटची उत्तरं, घरचा पत्ता आणि फोन नंबर साइटवर नसावेत.

एक काम आजच करायला सांगा. डोमेनच्या खात्याला कॉलेजचा ईमेल दिला असेल तर तो बदलून तिचा खासगी ईमेल द्यावा. शिक्षण संपल्यावर कॉलेजचा ईमेल बंद झाला, तर नूतनीकरणाची सूचना तिच्यापर्यंत पोहोचणार नाही आणि मुदत उलटून सवलतीचा काळही संपला की तेच डोमेन दुसरा कोणीही घेऊ शकतो.