पावसाळ्यात प्रायमर खरखरीत का होतो?

प्रश्न : टेबलावर खेळायच्या युद्धखेळांसाठी मी २८ मिमी मापाचे प्लास्टिकचे सैनिक रंगवतो. जुलैमध्ये पाऊस उघडल्यावर गच्चीत दहा सैनिकांवर स्प्रेने काळा प्रायमर, म्हणजे रंग धरावा म्हणून आधी द्यायचा थर, मारला. वाळल्यावर तो पांढुरका आणि पॉलिश पेपरसारखा खरखरीत झाला. सैनिक वाया गेले का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मुळीच नाही. स्प्रेतील द्रावक झपाट्याने उडून जाताना उष्णता ओढून घेतो, त्यामुळे पृष्ठभाग थंडावतो आणि दमट हवेतील बाष्प त्या ओल्या थरावर दवासारखे बसते; पांढुरकेपणा येतो तो त्यामुळे. खरखर मात्र बहुधा अंतरामुळे आली असावी, कारण डबा फार लांब धरला की थेंब वाटेतच वाळतात आणि सैनिकावर रंगाऐवजी भुकटी बसते. पाऊस उघडला म्हणजे हवा कोरडी झाली असे कोकणात तरी समजू नये.

एक सैनिक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास बुडवून जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासून पाहावा. थर सुटला तर बाकीचे नऊ घ्यावेत. हे काम खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून आणि विस्तवापासून दूर करावे. नेलपॉलिश काढायचे अ‍ॅसिटोन चुकूनही वापरू नये, त्याने प्लास्टिकच विरघळते.

सैनिक पुन्हा उघडे झालेच आहेत, तर साच्याच्या सांध्याची रेघही पाहून घ्यावी. दिवा बाजूला ठेवून तिरप्या उजेडात सैनिक फिरवला, की शिरस्त्राणावरून खांद्यावर उतरणारी केसाएवढी रेघ दिसते. ती पात्याच्या धारेने कापू नये. पात्याची पाठ टेकवून खरवडावी. प्रायमर ही रेघ झाकत नाही, उलट उठून दिसायला लावतो. त्यानंतर भांड्यांच्या साबणाने सैनिक धुऊन पूर्ण वाळू द्यावेत.

पावसाळ्यात मी स्प्रेचा आग्रह सोडून ब्रशने लावायचा, पाण्यात मिसळणारा प्रायमर वापरण्याचा सल्ला देईन. जाड एका हातापेक्षा पातळ दोन हात द्यावेत, चेहऱ्याच्या आणि बोटांच्या खाचांत साचलेला प्रायमर कोरड्या ब्रशने लगेच टिपून घ्यावा, आणि २४ तास सैनिकाला हात लावू नये. चेहऱ्याची खाच एकदा बुजली, की पुढे डोळ्यांची आखणी कितीही कुशल हाताने केली तरी ती बसत नाही.

स्प्रे कोरड्या दिवसांसाठी राखून ठेवावा. डबा दोन मिनिटे हलवून साधारण २० ते ३० सेंमी अंतरावर धरावा आणि फवारा सैनिकाच्या अलीकडे सुरू करून पलीकडे थांबवावा.

प्रश्न : रेझिनच्या (साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) सैनिकांचा रंग नखाने निघतो. प्रायमर बदलू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी धुण्याकडे लक्ष द्यावे. साच्यातून सैनिक सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर रेझिनवर राहतो आणि त्यावर कोणताच प्रायमर धरत नाही. कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश पुरेसे आहेत. पाणी कढत घेऊ नये, भाला किंवा तलवार वाकते. रेझिन घासताना ते ओले ठेवावे आणि मास्क लावावा, कारण त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.